सातपुडा आणि त्याचे रहिवासी : प्रस्तावना

नर्मदा आणि तापी या दोन महानद्या एकमेकींस जवळजवळ समांतर वाहत पश्चिम समुद्रास मिळतात, आणि त्या दोहोंच्या मधोमध, पूर्वेस मैकल डोंगरांपासून पश्चिमेस राजपिपळ्याच्या टेकड्यांपर्यंत, सुमारे 900 किलोमीटर लांबीचा जो पर्वत पसरला आहे, तो सातपुडा. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूस ज्यांचे बालपण गेले, त्यांना तो उत्तरेच्या क्षितिजावर रोज दिसत असतो. इतरांस तो शालेय भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राची उत्तर सीमा म्हणून भेटतो आणि बहुधा तेथेच संपतो. परंतु ज्या भिल्ल, पावरा, वसावे, तडवी आदी समाजांच्या पिढ्यानुपिढ्या त्या सीमेवरच नांदत आल्या, ज्यांची शेते, देवस्थाने आणि सोयरिकी त्या पर्वताच्या दोन्ही उतारांवर विखुरलेल्या आहेत, त्यांच्या लेखी सातपुडा हा कोणत्याच प्रदेशाचा शेवट नाही. त्यांचा मुलूख तेथे सुरू होतो. प्रस्तुत ग्रंथ त्या मुलखाविषयी आहे, आणि विशेषेकरून त्याच्या पश्चिम भागाविषयी, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि शहादा या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्याविषयी आहे.

या मुलखाबद्दल जे काही आजवर लिहिले गेले, त्यातील बहुतेक मैदानातील कचेरीत बसून लिहिले गेले. सुभेदारांचे कागद, पेशवाईतील मामलेदारांची पत्रे, 1880 साली प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटियरचा खानदेश खंड, जंगलखात्याचे वार्षिक अहवाल आणि अगदी अलीकडच्या विकास योजनांची टिपणे, या सर्वांत डोंगर येतो तो बंदोबस्ताचा, वसुलीचा किंवा मागासलेपणाचा प्रश्न म्हणून. या साधनांचे मोल मी कमी लेखीत नाही. त्यांच्याविना या ग्रंथातील अर्धी प्रकरणे लिहिताच आली नसती. मात्र ती सारी एकत्र वाचताना माझे एक मत अधिकाधिक पक्के होत गेले, आणि ते प्रारंभीच स्पष्टपणे सांगणे मला अगत्याचे वाटते. सातपुड्यातील दारिद्र्याचे खापर आपण खडकाळ जमिनीवर आणि आडवळणावर फोडतो. पण जमिनीचा हा खडकाळपणा पूर्वीपासूनचा आहे, आणि दैन्याचा इतिहास त्या मानाने फार अलीकडचा आहे. मैदानातील सत्तांनी दोनशे वर्षांत या पर्वतावर एकामागून एक ज्या रेषा ओढल्या, महालाची, राखीव जंगलाची, राज्यांच्या हद्दींची आणि शेवटी धरणाच्या बुडिताची, त्या रेषांचा इतिहास हाच पुष्कळ अंशी या दैन्याचा इतिहास आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे जे थरांवर थर साचले, त्याच काळ्या पाषाणाचे हे पश्चिमेकडील डोंगर बनले आहेत. परंतु नर्मदा व तापी यांची खोरी भूकवचाच्या भेगांवरून खचलेली असल्यामुळे त्यांच्या मधला हा पट्टा उंच राहिला, आणि भारतीय द्वीपकल्पातील इतर मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असता या दोघी मात्र पश्चिमेची वाट धरून गेल्या. पर्वताचे सर्वोच्च शिखर धूपगड हे 1,350 मीटर उंचीचे असून ते दूर मध्य प्रदेशात पचमढीपाशी आहे. तथापि आपल्या बाजूचे अस्तंभा त्याहून फारसे ठेंगणे नाही, आणि तोरणमाळचे पठार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, आपल्या यशवंत तलावासह, भोवतालच्या दऱ्यांत एकाकी उभे आहे. या अखंड पर्वताला एकच मोठी खिंड पडली आहे, ती बऱ्हाणपुराजवळ. उत्तरेकडील कित्येक फौजा त्या खिंडीतून दक्षिणेत उतरल्या, अकबराने 1601 साली अशीरगड घेतला तो त्या खिंडीवर ताबा राहावा म्हणूनच, आणि आज खांडव्याहून भुसावळास येणारी आगगाडीही तीच वाट घेते. पश्चिमेकडील आपल्या डोंगरांना असा दरवाजा नव्हता. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी रस्ता तापीच्या काठाकाठाने, नंदुरबारवरून जात असे. इब्न बतूता या बाजूने गेला, तावेर्निये गेला, वणजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके गेले, पण त्यांतील कोणालाही उत्तरेकडे वळून डोंगर चढण्याचे कारण पडले नाही. या दुर्लक्षाने डोंगरातील लोकांचे स्वातंत्र्य दीर्घकाळ राखले.

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून जो अक्राणीत प्रवेश करतो, त्याच्या ध्यानात पहिली गोष्ट येते ती ही की, येथे मैदानी अर्थाने गाव नावाची वस्तू नाही. वेस नाही, पांढरी नाही, दाटीने बसलेली घरे नाहीत. एकेका टेपाडावर एकेक घर, त्याच्या भोवती त्याचे शेत, मध्ये ओढा, पलीकडच्या उतारावर भावाचे घर. अशा पाच-पंचवीस घरांचा पाडा आणि अशा दहा-पंधरा पाड्यांचे महसुली दफ्तरातील एक गाव. एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यास जाण्यास कित्येकदा दोन तास लागतात. घराच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या. आत गुरे, धान्याच्या कणग्या आणि चूल एकाच छपराखाली. शाळा, दवाखाना, नळ, वीज यांच्या सर्व सरकारी योजना दाटीच्या गावाचे गणित गृहीत धरून आखल्या जातात, आणि म्हणून येथे त्या पहिल्याच पाड्यावर थांबतात. उरलेल्या पाड्यांचे रुग्ण व बाळंतिणी आजही पावसाळ्यात बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणाव्या लागतात. लोकांनी विखुरलेले राहू नये, एकत्र वस्ती करावी, असा उपदेश अनेक अधिकाऱ्यांनी केलेला आढळतो. परंतु उतारावरची जमीन तुकड्यातुकड्यांची, पिकाची राखण रानडुकरांपासून रात्रंदिवस करावयाची, आणि पाणी ज्या त्या ओढ्याचे. अशा ठिकाणी शेतावर राहण्यावाचून शेतकऱ्यास गत्यंतर नसते. वस्तीचा हा विखुरलेपणा अव्यवस्थेतून आलेला नसून तो त्या भूमीशी केलेला पूर्ण विचाराचा करार आहे.

राजकीय इतिहासात या भागाचा उल्लेख मेवासी मुलूख म्हणून येतो. काठी, चिखली, नाला, सिंगपूर, गव्हाळी, नवलपूर या छोट्या छोट्या संस्थानिकांचे येथे राज्य होते, आणि अक्राणी हा स्वतंत्र परगणा होता. हे ठाकूर व राणे वरिष्ठ सत्तेस कधी नजराणा देत, कधी देत नसत. खालच्या गावांकडून गिरासाचा हक्क वसूल करीत, आणि त्या बदल्यात वाटा राखीत. मैदानातील भिल्ल नाईकांचीही हीच रीत होती. गावची राखण, घाटाची चौकी आणि त्याबद्दलचे ठरीव उत्पन्न. हा समतोल मोडला तो अठरावे शतक संपताना. होळकरी फौजांच्या धामधुमीने 1802-03 साली खानदेश उजाड झाला, लगोलग दुष्काळ पडला, राखणीचे हक्क बुडाले आणि नाईक लुटीवर उतरले. पुण्याच्या दरबाराने त्यावर जो इलाज केला, तो आपल्या इतिहासातील अत्यंत लाजिरवाणा भाग आहे. बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने 1804 साली कोपरगावी भिल्लांची विश्वासघाताने कत्तल केली. मराठी इतिहासकारांनी मोहिमांची आणि तहांची वर्णने मोठ्या उत्साहाने लिहिली, पण कोपरगावावर त्यांच्या लेखण्या फारशा थांबल्या नाहीत. मराठी वाचकाने सातपुड्यात पाऊल टाकण्यापूर्वी हे प्रकरण जाणले पाहिजे, कारण मैदानातल्या माणसाविषयी डोंगरात जो अविश्वास आहे, त्याची मुळे पुष्कळ खोल गेली आहेत.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पहिल्या काही वर्षांत कॅप्टन ब्रिग्ज याने लष्करी मार्गाने बंदोबस्त करून पाहिला. तो पुरा पडला नाही, तेव्हा 1825 साली धोरण बदलले, भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी निघाल्या, नांगर-बियाण्यासाठी तगाई मिळू लागली, आणि जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांचीच एक पलटण उभी केली. शिकारीतील धाडस आणि दिलेल्या शब्दाची जपणूक या दोन गुणांवर औट्रमने नाईकांचा विश्वास संपादन केला, असे तत्कालीन लेखक सांगतात, आणि ते खरेही असावे. तथापि, ज्या हातांनी पलटण उभी केली त्याच हातांनी पुढे जंगल घेतले, ही गोष्ट या गुणगानात हरवून जाते. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती, तो खाज्या नाईक 1857 साली इंग्रजांविरुद्ध उठला. भीमा नाईक त्यास मिळाला. आणि 1858 च्या एप्रिलमध्ये आंबापाणी येथे जी लढाई झाली, तीत डोंगरातील लोकांनी तोफा-बंदुकांपुढे तिरकमठ्यांनी तोंड दिले. अठ्ठावन्नच्या त्या लढाईचे स्मरण सातपुड्यात अजूनही जिवंत आहे. पुढे निमाडातील तंट्या भिल्ल, ज्याला 1889 साली जबलपूरला फाशी झाली, तोही याच परंपरेतला.

परंतु बंडे आणि लढाया यांच्यापेक्षा एका कायद्याने या लोकांच्या जीवनात अधिक खोल उलथापालथ घडविली. 1878 च्या जंगल कायद्यान्वये सातपुड्याचा बहुतेक भाग राखीव ठरला. ज्या उतारावर आजोबाने राब जाळून नागली-बंटी पेरली होती, तेथे नातू अतिक्रमणदार झाला; ज्या बांबूचे घर बांधावयाचे तो सरकारी माल झाला; गुरे चारणे, मोह वेचणे, लाकूड आणणे, ही सारी कामे परवान्याची, म्हणजे प्रत्यक्षात जंगलरक्षकाच्या मर्जीची झाली. कित्येक वस्त्या तर वनगावे म्हणून नोंदल्या गेल्या, म्हणजे जंगलखात्याला मजूर मिळावेत एवढ्याच हेतूने तेथे माणसांना राहू दिलेले. त्यांच्या जमिनीला सात-बारा नाही, आणि सात-बारा नाही म्हणून कर्ज नाही, विहीर नाही, दुष्काळाची मदतही नाही. साग मात्र रीतसर तोडला जाऊन खालच्या बाजारात जात राहिला. जंगलाचा नाश आदिवासींच्या कुऱ्हाडीने झाला, असे विधान सुशिक्षित माणसे सहज करतात; त्यांनी ज्या काळात जंगल सर्वांत वेगाने उतरले, त्या काळात त्याचा मालक कोण होता, याचा विचार करावा. या अन्यायाची कबुली देणारा वनहक्क कायदा संसदेने 2006 साली संमत केला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क आणि गावाच्या सामूहिक वनावर ग्रामसभेचा अधिकार, ही त्याची मुख्य कलमे. पुराव्यांच्या फायली घेऊन प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली माणसे आजही दिसतात, आणि कायद्याचा हेतू व त्याचा अंमल यांमधले अंतर किती मोठे असते ते त्यांच्याकडे पाहून उमगते. तरीही हा कायदा झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

आता उपजीविकेविषयी. उतारावरचे शेत हे मिश्र पिकाचे शेत असते. ज्वारी आणि मका यांच्या ओळींत तूर, उडीद, चवळी. वरच्या हलक्या जमिनीत बंटी, मोर, भादी यांसारखी बारीक धान्ये, ज्यांची भगर मोलगीच्या बाजारातून उपवास करणाऱ्या मैदानी घरांत पोहोचते. एखादे साल पावसाने दगा दिला तर सात पिकांपैकी दोन-तीन तरी हाती लागतात, हे या पद्धतीचे शहाणपण. पेरणी, निंदणी, घराची शाकारणी अशी मोठी कामे लाह करून होतात: ज्याच्या शेताचे काम, त्याच्याकडे सारा पाडा जमतो, मजुरीचा प्रश्न येत नाही, यजमान सर्वांस जेवू घालतो, आणि उद्या दुसऱ्याच्या शेतावर तोच हजर होतो. पैशाची टंचाई असलेल्या समाजाने श्रमाचे हे सहकार उभे केले, ते मैदानात सहकारी साखर कारखान्यांची भाषा ऐकू येण्याच्या कितीतरी आधीपासून.

शेतीला जंगलाची जोड आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे अंधार असतानाच बायका-मुले मोहाखाली टोपल्या घेऊन जातात आणि रात्रभर पडलेली फुले वेचतात. ती वाळवून वर्षभर ठेवतात, त्यांची भाकरीतही भर पडते आणि दारूही निघते, आणि पुढे त्याच झाडाच्या टोळंबीचे तेल दिव्याला व तव्याला पुरते. त्यामागोमाग चारोळी, डिंक, तेंदूपाने. वैशाखात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरतात, आणि मग धडगावच्या परिसरात अंगणे, खडक, छपरे, सारे काही सोललेल्या कैरीच्या फोडींनी पांढरे होऊन जाते. हा आमचूर अक्राणीचे मोठे नगदी उत्पन्न आहे. एका कुटुंबाने दोन-तीन आठवडे खपून वाळवलेला माल धडगाव-शहाद्याच्या व्यापाऱ्याकडे जातो, तेथून उत्तर हिंदुस्थानातील मसाल्याच्या पेढ्यांवर. मधल्या हातांनी त्यात जे कमावले जाते, त्याच्या मानाने कैरी सोलणाऱ्या बाईच्या वाट्याला अल्पच येते. कित्येकदा तर पावसाळ्यात घेतलेल्या धान्याच्या उचलीपोटी झाडावरचा मोहोर पाहूनच सौदा झालेला असतो.

दिवाळी झाली की डोंगर रिकामा होऊ लागतो. ऊसतोडीचे मुकादम उचल देऊन गेलेले असतात. जोडपी, त्यांची अंगावरची मुले आणि चार भांडी घेऊन टेम्पो बारडोली-सुरतेकडील कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि होळीच्या आधी परततात. सातपुड्यातील शाळांची पटसंख्या आणि प्रत्यक्ष हजेरी यांत हिवाळ्यात जी तफावत पडते, तिचे कारण शिक्षणाविषयीच्या अनास्थेत शोधू नये; ते उसाच्या फडात सापडते. मैदानातील शहादा-तळोद्याची काळी जमीन, तिच्यावरील ऊस, केळी व मिरची यांची समृद्धी आणि डोंगरातील ही रिती घरे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत लिहिण्याचा प्रघात आहे. या ग्रंथात त्या एकाच प्रकरणात आल्या आहेत, कारण त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. मैदानातील पुष्कळशी काळी जमीन दोन-तीन पिढ्यांपूर्वी भिल्लांच्याच नावावर होती. कर्जाच्या कागदांवर अंगठे उठले, जमिनी गेल्या आणि मालक सालदार झाले. त्याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने जे उठाव केले, आणि 1972 च्या जानेवारीत शहाद्यास जो भूमुक्ती मेळावा भरला, त्यांचा महाराष्ट्राच्या कायद्यावर परिणाम झाला. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याविषयीचा अधिनियम 1974 साली आला. अंबरसिंग त्याच वर्षी वारले.

राज्यांच्या हद्दीची रेषा 1960 साली पडली. गुजरात व महाराष्ट्र वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली 156 गावे गुजरातेकडे गेली. भाऊ एका राज्यात, बहीण दुसऱ्यात, कुलदैवत तिसरीकडे, असे झाले. एकाच समाजाच्या मुलाने एका काठावर गुजराती, दुसऱ्यावर मराठी आणि वर अलिराजपूर-बडवानीकडे हिंदी शिकावी, आणि आपली बोली तिन्ही ठिकाणी वर्गाबाहेर ठेवावी, असे हे वाटप झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी आम्हा मराठी माणसांना रास्त अभिमान आहे. भाषेप्रमाणे राज्य मागणाऱ्यांनी भिलोरी बोलणाऱ्यांचा विचार तेव्हा केला नाही, याचा खेदही त्या अभिमानाबरोबर असला पाहिजे.

आणि मग नर्मदा. महाराष्ट्राला या नदीचा सुमारे 54 किलोमीटरांचाच काठ लाभला आहे, आणि तो सगळा अक्राणी व अक्कलकुवा यांच्या हद्दीत आहे. 1979 सालच्या नर्मदा लवादाच्या निवाड्यानुसार सरदार सरोवराच्या विजेचा 27 टक्के वाटा महाराष्ट्रास मिळावयाचा होता; त्यासाठी मणिबेलीपासून पुढची 33 गावे बुडितात आली. निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य झाले होते, ही त्याची थोरवी. मात्र नदीकाठच्या बहुतेकांच्या जमिनी वनजमिनी म्हणून नोंदलेल्या, त्यामुळे कागदोपत्री ते भूमिहीन, आणि म्हणून पूर्वी ओढलेल्या जंगलाच्या रेषेने नंतरच्या बुडिताच्या रेषेला हातभार लावला. त्या मोबदल्यासाठी, आणि पुढे धरणालाच विरोध म्हणून, जे आंदोलन उभे राहिले त्याची कीर्ती जगभर गेली; त्या कीर्तीपेक्षा मला त्यातील जीवनशाळा अधिक मोलाच्या वाटतात. चिमलखेडी, निमगव्हाण यांसारख्या काठावरच्या गावांत लोकांनी त्या स्वतः चालविल्या, तेथील मुले आपल्या बोलीत पहिले धडे गिरवून मग मराठीकडे वळली. वर उरलेल्या पाड्यांपुढे आता पूर्वीच्या नदीच्या जागी विस्तीर्ण जलाशय आहे आणि औषधे घेऊन तरंगता दवाखाना येतो. खाली तळोद्याच्या बाजूस ज्यांना जंगल तोडून वसविले गेले, त्यांची एक पिढी सपाटीवर वाढली आहे. त्यांची शेती बरी आहे, पण मासळी, मोह आणि पाला यांचे जे अन्न रोख पैशाविना मिळे, ते कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात मोजले गेले नव्हते.

इथपर्यंतचे वाचून कोणास वाटेल की, हा ग्रंथ केवळ दुःखाची जंत्री आहे. तसे झाले असते तर मी त्यास प्रस्तावना लिहिली नसती. सातपुड्याची होळी ज्याने पाहिली, त्याला या लोकांना केवळ पीडित म्हणण्याचे धाडस होणार नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, उसाच्या फडांतून परतलेली माणसे त्यांत नवे कपडे, घुंगरू, गूळ, डाळ्या घेतात; आणि मग एकेका गावाची होळी एकेका रात्री, ठरलेल्या क्रमाने पेटते, म्हणजे एका गावच्या माणसांना दुसऱ्या गावी जाता यावे. काठीची राजवाडी होळी सर्वांत मोठी. तिच्यासाठी उंच, सरळ बांबू दूरच्या रानातून आणतात, खड्डा हत्यार न लावता हातांनी खणतात. नवस केलेली माणसे त्याआधी कित्येक दिवस व्रतस्थ राहतात, खाटेवर निजत नाहीत. त्या रात्री ती बावा-बुध्या होऊन येतात, अंगभर तांदळाच्या पिठाची किंवा राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळल्या भोपळ्यांची व घुंगरांची माळ. प्रचंड ढोलांच्या तालावर रात्रभर रिंगणे फिरतात, आणि पहाट होता होता होळी पेटविली जाते. हजारो माणसे जमतात, आणि त्यांची शिस्त पाहून नगरवासीयांनी खूप काही शिकावे.

सातपुड्याचे देवही त्याच्या अर्थव्यवस्थेपासून वेगळे काढता येत नाहीत. सागबाऱ्याजवळच्या देवमोगरा येथे याहा मोगी ही धान्याची माता आहे. दुष्काळात तिने लोकांना जगविले, अशी श्रद्धा असून महाशिवरात्रीच्या यात्रेत नव्या पिकाच्या टोपल्या घेऊन तीन राज्यांतून लोक तिच्याकडे जातात. नवे धान्य देवास दाखविल्याविना तोंडात घालावयाचे नाही, हिरवा पाला किंवा रानभाजी ठरलेला विधी होण्यापूर्वी तोडावयाची नाही. या नियमांना आपण अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतो, पण कोवळ्या रोपाला वाढू देण्याची ही रीत जंगलखात्याच्या नियमपुस्तिकेहून अधिक निष्ठेने पाळली गेली आहे. पावरा समाजात इंदल हा मोठा विधी. कळंबाच्या फांद्या रोवून रात्रभर जागर करतात, आणि गायणा म्हणून सृष्टीच्या उत्पत्तीचे प्रदीर्घ कथागान होते. दिवाळीच्या दिवसांत अस्तंभ्याच्या शिखरावर तरुणांचे जथे जातात, तेथे अश्वत्थामा आपल्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरतो अशी समजूत आहे. महाभारतातील हा शापित चिरंजीव या पर्वताने आपला म्हणून घेतला, याचे मला नेहमी नवल वाटते.

या धर्मजीवनात सुधारणेची चळवळही आतूनच निघाली. तळोदा तालुक्यातील मोरवड परिसरात 1930 च्या दशकात गुलाम महाराजांनी आप धर्माची शिकवण दिली: दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा. त्यांच्या आरतीस डोंगरातून व मैदानातून अपार माणसे लोटली. मद्याचे मक्ते बुडू लागले, सालदार मान वर करून बोलू लागले, तेव्हा सावकार व सरकार दोघेही धास्तावले. 1938 मध्ये महाराज वारल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालविले, आणि त्यांना हद्दपारी भोगावी लागली. महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासग्रंथांत पुण्या-मुंबईच्या सभांना जेवढी पाने मिळतात, त्यांच्या दशांशानेही या चळवळीस मिळालेली नाहीत. या ग्रंथातील सर्वांत विस्तृत प्रकरण तिला दिले आहे, ते जाणूनबुजून.

भाषांच्या प्रकरणाविषयी दोन शब्द. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली भिल्ली बोलींना वाहिला. त्यानंतर भिलोरी, पावरी, मावची, देहवाली यांचा अभ्यास तुरळक झाला. या बोली गुजराती व राजस्थानी यांच्या जवळच्या, आणि खालच्या बाजारांत त्यांच्यावर अहिराणीची छाया पडते. इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशच्या भिल्लांचे जे सामाजिक व आर्थिक सर्वेक्षण केले, त्याचा उपयोग या ग्रंथातील अनेक लेखकांनी केला आहे. अलीकडे या समाजांतले लोक स्वतः लिहू लागले आहेत. वाहरू सोनवणे यांची कविता भिलोरीतून आणि मराठीतून आली आणि तिने मराठीचे क्षेत्र वाढविले. मात्र गायणा गाणारे वृद्ध आता थोडे उरले आहेत, आणि रात्रभर बसून ते ऐकण्याइतका अवकाश ऊसतोडीहून आलेल्या मुलांना राहिलेला नाही. ते गान त्याच समाजाच्या तरुणांनी, आपल्या वाडवडिलांच्या शेजारी बसून नोंदवावे. बाहेरच्या संशोधकाने त्यांना वही, यंत्र आणि वेळ मिळवून द्यावा, एवढेच त्याचे काम.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यावल-रावेरच्या तडवी भिल्लांचा, ज्यांनी इस्लाम स्वीकारला आणि तरीही डोंगराशी नाते राखले, येथे केवळ ओझरता परामर्श घेतला आहे. नवापूर तालुक्यातील मावची व कोकणी समाज सह्याद्रीच्या टोकाशी राहतात, म्हणून त्यांना स्वतंत्र खंडाची आवश्यकता आहे. आणि पूर्वेकडे, गाविलगडाच्या रांगांत, मेळघाटचे कोरकू आहेत, ज्यांची भाषा मुंडा कुळातली असून भिलोरीशी तिचा काही संबंध नाही, आणि ज्यांच्या वस्त्यांवर जंगलाच्या रेषेनंतर व्याघ्रप्रकल्पाची रेषा पडली. पुढील खंडाचे काम त्यांच्यापासून सुरू करण्याचे ठरले असून, धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतील पाहणीस आरंभ झालेला आहे.